अक्काच्या पांढऱ्या फळ्या

अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, आता डोळ्यांनी वाचवत नाही. तिच्या चित्रांवर पुस्तक निघतंय, म्हणून शोळिंगनल्लूरचं ऑफिस सुटलं की मी अड्यारला तिच्याकडे जातो आणि तिच्या रोजनिश्या वाचून दाखवतो. काय छापायचं ते ती ठरवते.

आमचं घराणं तंजावरी चित्रांचं. फळीवर खडूच्या पुडीचा आणि डिंकाचा लेप देऊन दागिने, प्रभावळ उठावाची करायची, वर खडे आणि सोन्याचा वर्ख. वर्ख नाही तर चित्र अर्धवट. अक्का हे सगळं शिकली आणि मग एकेक सोडत गेली. आधी खडे, मग रंग. ‘आज मुकुट ठेवला, कृष्ण काढून टाकला. जागा रिकामी वाटली नाही,’ असं एका पानावर आहे.

पहिल्या मोठ्या प्रदर्शनाच्या तोंडावर ती इस्पितळात होती. खोलीत पाच फळ्या नुसत्या लेपाच्या, पांढऱ्याच उभ्या. वडिलांच्या हाताखाली मीही शिकलेलो. रजा टाकून सगळ्यांवर वर्ख चढवला. घरी आल्यावर ती बघत राहिली.

"काय रे तंबी, लग्नाला नटवून कल्याणमंडपातच उभं केलंस की यांना!"

मी हसलो. प्रदर्शनात वाहवा झाली. त्यानंतर तिनं फळी हातात घेतली नाही. मी ते आजारपणावर ढकललं.

परवा इस्पितळाच्या आधीचं पान आलं. ‘पाचही झाल्या. आता उजेड पडेल तेवढंच सोनं.’ मी मनात वाचलं आणि पान उलटलं.

"मधलं राहिलं," अक्का म्हणाली.

मग मोठ्यानं वाचलं. आणि आजवर कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं, "अक्का, फळ्यांच्या मागे तुझी सही होती. काम पुरं झाल्याशिवाय तू सही करत नाहीस, मला ठाऊक होतं. आपली माणसं नावं ठेवतील, याची लाज वाटली मला."

"सहीवर तुझा डिंकाचा अंगठा उमटलाय. मी काय आंधळी होते तेव्हा?" मग ती म्हणाली, "त्यांतली एक फळी आहे इथं. वर्ख निघतो का बघ."

ओल्या फडक्यानं कोपरा पुसला. वर्खाबरोबर खडूही सुटून आला.

"आलं पांढरं?"

"नाही अक्का. लाकूड लागलं."

ती बोटांनी कोपरा चाचपत राहिली. "सेरी, असू दे. पुस्तकात हीच छाप," ती म्हणाली, "आहे तशी."