काहिलीतून करकोच्यांकडे

लिहायला बसलो आहे खरा, पण हे मला शोभतं का, याची खात्री नाही. आमच्या घरात आजवर कुणी लिहिलं ते सही करण्यापुरतं. कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि शेवटच्या वर्षाला असलो तरी चार माणसांत बोलायला अजून बिचकतो. वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं. एका रात्रीच्या मुक्कामाची आखणी करताना मला जे कळलं, ते दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस.

आमचं गाव नळदुर्गपासून आत, तलावाच्या शेपटाला आहे. धरणाच्या भिंतीकडं पाणी खोल आणि आमच्याकडं पसरट. पाऊस बरा झाला की गावाखालची सखल बाभळीची जमीन पाण्यात जाते, लव्हाळी आणि पाणकणीस माणसाच्या डोक्यावर वाढतं, आणि त्यांच्या मधून गल्ल्यांसारख्या पाण्याच्या वाटा राहतात. त्या सगळ्या पाणथळाला आम्ही चिबड म्हणतो. गुरं तिकडं जात नाहीत, माणसंही नाहीत, कारण पाय टाकला की मांडीपर्यंत रुततो. थंडी पडली की करकोचे येतात. दिवसभर आमच्या हरभऱ्यात हिंडतात, वडील त्यांना डबा वाजवून हाकलतात, आणि दिवस मावळताना ते रांगा धरून चिबडात उतरतात. तिथं ते झोपतात कसे, हे गावात कुणी पाहिलेलं नाही. पहाटे त्यांचा आवाज तेवढा घरापर्यंत येतो.

प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा पक्ष्यांच्या मुक्कामाबद्दल विचारलं. मी तीन वर्षांत एकदाही आपणहून बोललो नव्हतो. त्या दिवशी का कोण जाणे, उभा राहिलो.

"सर, आमच्याकडचे करकोचे उथळ पाण्यात उभ्यानं झोपत असतील."

"असतील म्हणजे? पाहिलंस का?"

"न्हाय सर. पण बघता येईल."

वर्ग हसला. बहुतेक माझ्या 'न्हाय'ला हसला असावा. सर हसले नाहीत. ते कोकणातले, समुद्राकाठी वाढलेले, आणि इथल्या उन्हाला वैतागलेले. म्हणाले, "रात्र तिथं काढल्याशिवाय दिसणार नाही. कसं जायचं, कुठं थांबायचं, सगळं आखून आण. पटलं तर मी स्वतः येतो."

बाकावर माझ्या शेजारी बसणारा मित्र नळदुर्गच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, घरात कानडी बोलणारा. बाहेर पडल्यावर त्यानं माझा दंड धरला. "अबे, होडी कधी बघितलास का तू?"

"न्हाय. पण काहिल बघितलीय."

काहिल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. खाट मावेल एवढी रुंद, सपाट बुडाची. ओढ्याला पूर आला की आमच्याकडची माणसं तीत बसून पलीकडं जातात. माझ्या चुलत्यांचं, म्हणजे तात्यांचं, गुऱ्हाळ आहे. त्यांच्याकडं मागायला गेलो तर ते चुलाणाची, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीची, डागडुजी करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मातीचे हात तसेच ठेवून माझ्याकडं पाहिलं.

"पाखरं झोपल्याली बघायला काहिल पायजे?"

"व्हय तात्या."

"जागी आस्ताना दिसंना झाली का तुला?"

मित्र फिसकन हसला. तात्यांनी त्यालाही सोडलं नाही. "आन् हे शेटजीचं लेकरू कशाला? वजनाला?" तरी काहिल द्यायला ते तयार झाले. अट एकच, चुलाण पेटायच्या आत परत आणायची, आणि घासून आणायची.

पहिली आखणी मी सरांपुढं मांडली ती तोंडीच. काठावरून काहिलीत बसायचं, पाणकणसातल्या वाटेनं आत जायचं. मधे एक टेकाड आहे, त्यावर बाभळी आहेत, ते कधी बुडत नाही. तिथं ताडपत्री टाकून मुक्काम. करकोच्यांपासून ते जरा लांब आहे, तरी ते बिचकू नयेत म्हणून जाळ करायचा नाही. जेवण भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आणि पाण्याचे सहा मोठे कॅन.

"सहा?" सर म्हणाले. "अरे, आपण पाण्यात चाललोय की वाळवंटात?"

मला खरंच कळलं नाही की यात चुकलं काय. आमच्याकडं माणूस घरातून निघाला की आधी पाणी घेतो, लग्नाला जातानासुद्धा. समोर तलाव भरलेला असला तरी हात कॅनकडं जातोच. शेवटी चिबडाचं पाणी पिण्यासारखं नाही हे सरांनीही मानलं आणि दोन कॅन ठरले. उरलेले रिकामे चार घट्ट बुचं लावून बरोबर घ्यायचे, कुणी पाण्यात पडलंच तर धरायला. लहानपणी पाठीला कॅन बांधूनच आम्ही पोहायला शिकलो होतो, त्यामुळं ती सूचना माझी होती, आणि ती सरांना आवडली. मला फार बरं वाटलं.

मग सरांनी त्यांची अट घातली. "ज्याला मोकळ्या पाण्यात लांब पोहता येत नाही, त्याच्या भरवशावर मी रात्रीचा पाण्यात जाणार नाही. रविवारी दाखव."

याची मला काळजीच नव्हती. आमच्या मळ्यातल्या विहिरीत माझ्याइतकं कुणी पोहत नाही. काठावर मोट जिथं रिकामी करायचे त्या थारोळ्यावरून सूर मारतो, तळाची माती वर आणतो. रविवारी सर आणि मित्र चिबडापासून लांब, तलावाच्या काठावर उभे राहिले, मी पाठीला कॅन बांधून पाण्यात शिरलो आणि काठाला समांतर निघालो. पाणी छातीएवढंच, भीती कसली? हात सपासप चालले होते. आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की सरांचा आवाज समोरून येतो आहे. मी परत त्यांच्याकडंच आलो होतो.

"वळलास का?" सरांनी विचारलं.

"वळलो न्हाय सर. सरळच चाललोय."

पुन्हा निघालो, पुन्हा तेच. मित्र काठावर पोट धरून बसला. "अबे, विहीर संपली का तुझी?"

तेव्हा मला उमगलं. विहिरीत दहाबारा हात मारले की दगड येतो. दगडाला हात लावायचा, गर्रकन वळायचं, परत यायचं. लहानपणापासून मी तेवढंच पोहलो होतो. समोर दगड नसला तरी अंग वळतच होतं. अख्ख्या गावात तलावात लांब पोहलेला माणूस नाही. सगळे माझ्यासारखे, विहिरीएवढे.

सर चिडले नाहीत. समुद्राकाठच्या माणसाला हे नवीन होतं. त्यांनी मला दोनदोनदा विचारून घेतलं की नेमकं कुठं वळावंसं वाटतं. मग त्यांनी लांबच्या एका वाळलेल्या बाभळीकडं बोट दाखवलं आणि सांगितलं, नजर तिथून काढायची नाही. मित्र काठानं माझ्या पुढं पुढं पळत होता, हातात टॉवेल फडकवत आणि ओरडत, "दगड अजून लांब हाय! अजून लांब हाय!" बाभळीपाशी पोचलो तेव्हा दम लागला होता, पण आयुष्यात प्रथमच मी एकाच दिशेनं एवढं पोहलो होतो. पुढचे आठदहा दिवस रोज सकाळी गेलो. मग बाभळीची गरज उरली नाही.

काहिलीची गंमत वेगळी. ती गोल, तिला पुढं-मागं नाही. मी एकट्यानं वल्हवायला घेतलं तर जागच्या जागी गरगर फिरली, आणि मित्राला मळमळायला लागलं. वल्ही म्हणून आम्ही गूळ ढवळायची लांब दांड्याची लाकडी फावडी घेतली होती. दोघं समोरासमोरच्या कडांना बसलो आणि एकाच वेळी ओढलं, तेव्हा कुठं ती पुढं सरकली. एकाच वेळी ओढायचं तर मोजायला हवं. मी मराठीत मोजायला लागलो की मित्र चुकायचा. शेवटी त्यानं कानडीत सुरू केलं, "वंदू, यरडू, वंदू, यरडू," आणि काहिल पाणकणसाच्या वाटेत शहाण्यासारखी शिरली. टेकाडापर्यंत जाऊन आलो. सरांनाही एकदा नेलं. ते म्हणाले, "तुम्ही दोघं मला खुशाल न्या. मी झोपलो तरी चालेल."

आईचं म्हणणं एवढंच होतं की आसरांची ओटी भरल्याशिवाय रात्रीचं पाण्यात जायचं नाही. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बायका, काठावरच्या दगडांना शेंदूर लावलेला असतो. ती स्वतः गेली, खण-नारळ ठेवून आली, आणि सरांच्या नावानंही हळदीकुंकू वाहून आली. "ते परमुलखाचं माणूस," ती म्हणाली, "त्येंला वळखत न्हाईत त्या."

सगळं जुळलं होतं. शनिवार ठरला होता. अडचण आता फक्त पाण्याची होती.

धरणातून कालव्याला पाणी सोडतात, त्याला आम्ही पाळी म्हणतो. पाळी सुटली की तलाव उतरतो, आणि सर्वांत आधी उतरतं ते आमच्याकडचं शेपूट. चिबडात काहिल तरायला हातभर पाणी लागतं आणि करकोच्यांना उभं राहायला त्याहून कमी. ते आटलं की चिखल उघडा पडतो, कोल्ह्याकुत्र्यांना वाट होते, आणि करकोचे दुसरीकडं निघून जातात. मग पुढच्या वर्षापर्यंत काही नाही, आणि पुढच्या वर्षी मी त्या वर्गात नसणार. 

पण परतीचा पाऊस झाला नव्हता आणि आमचाच हरभरा पाण्याला आला होता. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, गावातल्या चार माणसांबरोबर पाळी मागायला जाऊन आले होते. घरात मी पाण्याचा विषय काढत नव्हतो. संध्याकाळी जेवताना त्यांनीच काढला.

"हरभरा माना टाकायलाय, आन् तुला वाटतंय पानी थांबावं."

"मी तसं म्हणलो न्हाय, आण्णा."

"तोंडानं न्हाय म्हणलास."

खोटं बोलता येईना. "शनवारपतूर थांबलं तर बरं, येवढंच वाटतंय. तुमी म्हणाल तर मी सरांना न्हाय म्हणून सांगतो."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मी कशाला काय म्हणू? गेट काय माझ्या हातात हाय? येतंय तवा येतंय." आणि आईकडं वळून म्हणाले, "ह्यानं करकोचं हाकलायचं काम केलं आस्तं तर हरभरा तरी वाचला आस्ता. हे त्येंच्याकडं मुक्कामाला चाललंय." आई हसली. मीही हसलो, पण आण्णांच्या मनात काय आहे ते मला कळलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी मी काठावर जाऊन पाणी बघायचो. ते तिथंच होतं. मी आखणीत काहीच कसर ठेवली नव्हती. ताडपत्री, दोर, कॅन, उजेडानं पाखरं उठू नयेत म्हणून बॅटरीच्या काचेवर लावायला लाल कागद, सगळं तात्यांच्या गुऱ्हाळात एका कोपऱ्यात रचून ठेवलं होतं. निघायचं म्हटलं तर कुठल्याही दिवशी निघता येईल, एवढं ते तयार होतं.

गुरुवारी दुपारी आम्ही प्रयोगशाळेत होतो. फोन वाजला. आण्णा कॉलेजच्या वेळेत कधीच फोन करत नाहीत. सरांनी मानेनं परवानगी दिली, मी खिडकीपाशी गेलो.

"कुठं हाईस?"

"कॉलेजात. काय झालं, आण्णा?"

"पाटकरी आल्ता आत्ता. उद्या सकाळी गेट उचलायलेत."

पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारा माणूस, त्याची बातमी पक्की. हरभऱ्याला पाणी मिळणार म्हणून बरं वाटलं आणि त्याच वेळी शनिवार हातातून गेला. माझा चेहरा बघून मित्र आणि सर जवळ येऊन उभे राहिले.

"ऐकायलास का?" आण्णा म्हणाले.

"व्हय."

"शनवारी काय ऱ्हात न्हाय तिथं. पाखरं आज हाईत, मी आत्ताच बघून आलो, वारं बी न्हाय. तुझ्या सरास्नी इच्यार, आज जमतंय का. मी आन् तात्यानं ट्रॅक्टरवर घालून काहिल काठाला आनली, पाण्यात सोडून बाभळीला बांधलीय. दिस मावळायच्या आत या."