उलटा सदरा आणि सहस्रकुंडाची वाट

एक कबुली आधीच देतो. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, आणि मला दिशा कळत नाहीत. फळ्यावरच्या नकाशात उत्तर वरच्या बाजूला असते एवढेच माझे ज्ञान. रस्त्यावर ती कुठे असते, हे मला आजवर उमगलेले नाही. हा दोष मी नुसता लपवत होतो, तोवर तो हास्यास्पदच होता. परंतु बारा वर्षांपूर्वी त्याचे खापर मी दुसऱ्याच्या माथ्यावर फोडले, आणि त्या दिवशी दोषाचा अपराध झाला.

त्या वर्षी चाकूरच्या आमच्या शाळेची सहल इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्याला गेली होती. रानात वाटेला दोन फाटे फुटले तेव्हा सर्वांत पुढे मी होतो. चित्रकलेचे शिक्षक सिद्धार्थ कांबळे रेंगाळणाऱ्या मुलांना हाकत मागून येत होते. मी डावीकडे वळलो. तीन तासांनी चाळीस मुलांसह आम्ही एका अनोळखी लग्नाच्या मांडवात जाऊन धडकलो. यजमान भले होते. मुले पोटभर जेवली. धबधबा मात्र कोणी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारले, "वाट कुणी ठरवली?" माझे बोट कांबळे सरांकडे गेले. ते काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून तालुकाभर त्यांचे नाव 'चकवा सर' पडले. (चकवा म्हणजे रानात माणसाला गोल गोल फिरवत ठेवणारी बाधा.)

गेल्या हिवाळ्यात कांबळे सर माझ्याकडे आले. रानात हरवलेल्यांना शोधणाऱ्या स्वयंसेवकांचे तीन दिवसांचे शिबिर इस्लापूरला भरणार होते, आणि शेवटच्या चाचणीवरून चाकूरच्या पथकाचा प्रमुख ठरणार होता. "बिराजदार सर, तुम्हीबी चला. एवढं जमलं तर ते नाव पुसलं जाईल," ते म्हणाले. त्यांच्या पिशवीत होकायंत्र होते. बारा वर्षे या माणसाने नकाशे वाचण्यात घालवली होती; कोणामुळे, ते मला ठाऊक होते. मी नाही म्हणू शकलो नाही.

अहमदपूर, लोहा करीत एस.टी. नांदेडला पोहोचली. तुरीला शेंगा धरल्या होत्या आणि हरभरा हिरवागार होता, हे मी खात्रीने सांगू शकतो. शेते रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती ते विचारू नये. बसस्थानकावरून रेल्वे स्टेशनकडे नेण्याचा मान मी आग्रहाने घेतला. उसाच्या रसाच्या एकाच गाड्यावरून आम्ही दोनदा गेलो. रसवाला म्हणाला, "काका, तिसऱ्यांदा आलात तर चरक फिरवायलाच ठेवून घेतो." कांबळे सरांनी मुकाट्याने होकायंत्र बाहेर काढले.

इस्लापूरला सकाळी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) खाऊन आम्ही सागाच्या रानात शिरलो. शिकवायला वनखात्यातून निवृत्त झालेल्या राठोडबाई होत्या. त्यांचा पहिला धडा हाक मारण्याचा.

"हाक मारा, अन् मंग गप बसा. हरवलेला माणूस ओ देतो, ते ऐकायचं असतं. तुम्हाला हाक मारता येते, गप बसता येत न्हाई."

आम्ही वीस जण "ओ भाऊ!" असे ओरडलो, आणि मग कोणी ओ दिली की काय यावर इतक्या मोठ्याने चर्चा केली की झाडावरची वानरे निघून गेली. गप्प बसण्यात फक्त मी पहिला आलो. मला बारा वर्षांचा सराव होता.

दुसऱ्या दिवशी दोन बांबू आणि घोंगडी यांचे स्ट्रेचर बांधले. गाठी आमच्या चाकूरच्या बालाजीने मारल्या. हा ट्रॅक्टर चालवतो आणि सतत बोलतो. त्याच्या गाठींतून पहिला रुग्ण पायांकडून अलगद जमिनीवर उतरला. "पेशंट बरा झाला की!" बालाजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी चाचणी. हरवलेला माणूस म्हणून मला निवडण्यात आले. "तुमचा चेहरा आधीच हरवल्यावानी हाय," राठोडबाई म्हणाल्या. नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली मी बेशुद्ध पडून राहायचे. कांबळे सरांच्या पथकाने नकाशावरून दोन तासांत मला शोधून आणायचे. खूण म्हणून सर्वांना सांगितले गेले: निळ्या चौकड्यांचा सदरा.

मी पडलो. तांबड्या मुंग्यांना बेशुद्ध माणसाचे नियम माहीत नव्हते. मी उठून जेमतेम दहा पावले दूर गेलो आणि परत आलो, तर मोहाचे झाड होते, पण माझे नव्हते. मग दुसरे, तिसरे. अर्ध्या तासात मी खरोखर हरवलो. आमच्याकडे म्हणतात की चकवा लागला तर अंगातला सदरा उलटा करून घालावा. मी घातला, छापील निळ्या चौकड्या आत गेल्या, आणि तसाच फिरत राहिलो.

शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीने मला अडवले. "सदरा उलटा हाय."

"मावशी, चकवा लागलाय."

"मंग खाली बसा की! सदरा उलटून बसायचं असतंय. बसल्याबिगर उतरत न्हाई त्यो."

म्हणजे राठोडबाई आणि चकवा यांचे बसण्याच्या बाबतीत एकमत होते. मी एका करवंदीच्या जाळीमागे बसलो. बऱ्याच वेळाने बालाजीचा आवाज आला: "सर, मोहापाशी अर्ध्या घंट्यात आणलं तुम्ही, पण माणूस कुठंय? ओ मावशी, निळ्या चौकड्याचा माणूस दिसला का?"

"न्हाई बा."

ओ द्यावी असे फार वाटले. पण नियमाप्रमाणे मी बेशुद्ध होतो, म्हणून आडवा झालो.

मग कांबळे सरांचा आवाज आला. "मावशी, अन् उलट्या सदऱ्याचा?"

"हाव, त्यो येडा? त्यो काय जाळीमागं निजलाय."

मला स्ट्रेचरवर घेतले. गाठी या वेळी कांबळे सरांनी स्वतः मारल्या. छातीवरची गाठ आवळताना ते वाकून हळूच म्हणाले, "त्या लग्नात तुम्ही जेवायला बसलात, तेव्हाबी सदरा उलटाच होता. मी बघितलं होतं."

त्यांना वाट कोणाची चुकली हे पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि एवढी वर्षे ते माझ्या हाकेची वाट पाहत गप्प बसले होते.

शिबिरात पोहोचलो तेव्हा राठोडबाई घड्याळ पाहत होत्या. "चाळीस मिनिटं उशीर. कांबळे सर, प्रमुख दुसरा निवडावा लागंल."

"म्हणलं न्हवतं?" बालाजी ओरडला. "चकवा सर त्ये चकवा सरच!" सगळे हसले. कांबळे सर होकायंत्र पिशवीत ठेवू लागले.

मी गळ्यापासून घोट्यापर्यंत बांधलेला होतो. पळता येत नव्हते. दोन्ही हात दोरीखाली होते, त्यामुळे कोणाकडे बोटही दाखवता येत नव्हते.

"बाई, मला बोलायचे आहे," मी म्हणालो.

"पेशंट बोलत नसतो."

"हा बोलणार आहे. सर वेळेत मोहाखाली पोहोचले होते, बालाजीला विचारा. जागा मी सोडली. आणि बारा वर्षांपूर्वी सहलीत डावीकडे वळलो तोही मीच. चकवा मी आहे, हे नाव माझे आहे. कांबळे सर, तुमच्याकडे बोट दाखवून मी खोटे बोललो. मला क्षमा करा."

वीस माणसे प्रथमच गप्प बसली. माझे शेवटचे शब्द कांबळे सरांना ऐकू गेले की नाही अशी शंका आली, म्हणून मी आकाशाकडे पाहत, हाक मारतात तेवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणालो, "कांबळे सर, मला क्षमा करा!"