वडिलांनी चालवलेली मालिका

मालिका सुरू झाली आणि आठवड्याभरातच आईला टॉवेलच्या कारखान्यात दुपारपाळी लागली. मग संध्याकाळी सातचा भाग वडील बघायचे आणि सकाळी चहा पिताना तिला सांगायचे. वडील जन्मभर गॅरेजात फिटर. टीव्हीसमोर बसायचं कामही मन लावून करायचे.

मालिका खरंच चांगली होती. खेड्यात बदलून आलेल्या पोस्टमास्तरीण बाईंना कपाटामागे कधीच न पोचलेल्या पत्रांचा गठ्ठा सापडतो आणि एकेक पत्र घेऊन त्या माणसं शोधत निघतात. दुधात विष नाही, सासूचे कट नाहीत. तेच बहुधा नडलं. सात वाजता आमच्या गल्लीतल्या बाकी घरांतून दुसऱ्याच मालिकेतली भांडणं ऐकू यायची. वाहिनीने आधी वेळ साडेपाचवर आणली, मग पाचव्या महिन्यात गाशाच गुंडाळला. शेवटच्या भागात बाईंनी उरलेली सगळी पत्रं वीस मिनिटांत वाटून टाकली.

"आता हिला काय सांगू?" वडील मला म्हणाले.

सकाळी आईने कप हातात घेत विचारलं, "काय झालं ओ काल?"

वडिलांनी चहा बशीत ओतला. "काल बाई मंद्रूपच्या बाजारात गेल्या की."

मी पोहे खाता खाता थबकले. पुढे दीड महिना बाई वळसंग, नातेपुते अशा हिंडत राहिल्या. दर फेरीला पोस्टाची जीप बंद पडायची आणि बाईच खाली वाकून बिघाड शोधायच्या. मला हसू फुटलं की वडील डोळे वटारायचे.

एकदा आई म्हणाली, "पोस्टातल्या बाईला गिअरबॉक्सचं एवढं कसं ओ कळतंय?"

वडिलांनी बशी खाली ठेवली. "मालिका बंद पडली. लई दिवस झाले."

"ठाव हाय मला. शेजारच्या मशीनवरची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी थांबला असता की." मग तिने अट घातली, "शेवट मात्र त्यांच्यासारखा एका दमात उरकायचा न्हाय."

वडिलांनी शेवटचं पत्र पोचवायला चार दिवस घेतले. ते होतं अक्कलकोटकडच्या एका आजीचं. पत्र मराठीत आणि आजीला फक्त कानडी येत होतं. वडील आजीची वाक्यं धडाधड चुकीच्या कानडीत म्हणायचे. आईचं माहेर कानडी. ती हसून हसून दुरुस्त करायची. चौथ्या दिवशी आजीने काय उत्तर दिलं, ते आईनेच सांगितलं, सगळं कानडीत. वडिलांना निम्मंही कळलं नसणार, पण ते शेवटपर्यंत मान डोलवत होते.