नवीच आहे, सर!

गिटारच्या क्लासात सूर जमायला वर्षं लागतात. किस्से मात्र पहिल्याच रविवारी जमायला लागतात, आणि मग इतके साचतात की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. आमच्या पांढुर्ण्याच्या क्लासाचे निम्मे किस्से तर एकट्या तारांचे आहेत!

आधी माणसं सांगतो. डोंगरे सर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर. तरुणपणी नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. रविवारी सकाळी दहाला त्यांच्या बैठकीत क्लास भरतो. पक्के विद्यार्थी आम्ही तिघं. भाऊराव रामाकोन्याचे, घरची संत्र्याची बाग. शोभाताईंचं पांढुर्ण्यातच कापडाचं दुकान. त्यांची मुलगी नोकरीसाठी हैदराबादला गेली, तिची गिटार कपाटावर पडून होती, ती ताईंनी एक दिवस खाली काढली. आणि मी प्रमोद, सौंसरच्या तहसील ऑफिसात. बदली होऊन आलो तेव्हा इथे ओळखीचं कोणी नव्हतं, रविवार अक्षरशः खायला उठायचा. आता शनिवारपासूनच बसची वेळ बघतो. या मंडळींचे माझ्यावर फार उपकार आहेत.

* * *

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा.

क्लासला आलो तेव्हा माझी गिटार चार वर्षांची होती. काहीही वाजवलं तरी आवाज कसा मळकट यायचा. मोबाइलवर ट्यूनर लावून सूर मिळवावा, तर दोन गाण्यांत तारा पुन्हा उतरायच्या. मला वाटायचं, आपली बोटंच जाड आहेत. वर्षभर मी बोटांना दोष देत होतो.

सरांनी विचारलं, "तारा कधी बदलल्या?"

मी म्हणालो, "बदलायच्या कशाला सर? गिटारला तारा आल्याच होत्या की!"

सरांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, तारेखाली सरकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. रुमालावर तपकिरी रेघ. मग माझं बोट धरून तारेच्या खालच्या बाजूने फिरवलं. जिथे जिथे तार दांड्यावरच्या पट्टीला टेकते, तिथे तिथे खड्डे लागले.

"ही गिटार नाही प्रमोद," सर म्हणाले, "वावराचं कुंपण आहे!"

मग त्यांनी स्वतः बसून सहाही तारा बदलल्या. पहिली तार छेडली आणि मी चमकलो. ही माझीच गिटार? चार वर्षांत तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

त्याच दिवशी सरांनी आपला नियम सांगितला. "बोटानं पाहा, रुमालानं पाहा, पण शेवटी कानानं ठरवा. ज्या रविवारी मले जुन्या-नव्या तारेतला फरक ऐकू येणार नाही, त्या रविवारी हा क्लास बंद. कान गेल्यावर शिकवणं म्हणजे लोकाईले फसवणं."

आम्ही हसलो. सर तेव्हा शेजारच्या घरातली कुकरची शिटी ऐकून तिचाही सूर सांगायचे.

* * *

भाऊरावांच्या तारा पंधरा दिवसांत काळ्या पडायच्या. महागातल्या आणा, स्वस्तातल्या आणा, तेच.

सरांनी एकदा त्यांची गिटार हातात घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"भाऊराव, मृग बहाराच्या संत्र्याची तोडणी सुरू झाली का?"

भाऊराव थक्क. "हो ना सर! सकाळपासून बागेतच होतो. तुमाले कसं समजलं?"

"तुमची गिटार सांगून राहिली!"

भाऊराव संत्री तोडून, दोन-चार सोलून खाऊन, तशाच हातांनी वाजवायला बसायचे. संत्र्याचा आंबट रस आणि वर हाताचा घाम. सरांनी विज्ञानाचा अर्धा तास घेतला आणि दुसऱ्या रविवारी ओसरीत बादली, तांब्या आणि साबण ठेवला. तेव्हापासून आमच्या क्लासात चपला काढल्या की हात धुवायचे, मग गिटारला हात लावायचा. भाऊराव तर कोपरापर्यंत धुतात. सरांच्या घरच्या काकू म्हणतात, "जेवायले बसून राहिले का गिटार वाजवायले?"

* * *

शोभाताईंचा किस्सा मात्र सगळ्यांवर कडी करणारा आहे.

गिटारच्या वरच्या जाड तारांवर पितळेसारखी दिसणारी बारीक तार गुंडाळलेली असते. सरांनी सांगितलं होतं, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसत जा. ताई घरी गेल्या, नीट बघितलं आणि त्यांच्या मनाने घेतलं की नुसत्या फडक्याने काय होणार?

पुढच्या रविवारी त्यांनी पिशवीतून गिटार काढली आणि आमचे डोळे दिपले. तारा अशा लखलखत होत्या की जणू सोन्याच्या! सर खूश होऊन म्हणाले, "वा ताई! नव्या टाकल्या?"

"नाही सर, त्याच आहेत. चिंचेनं घासल्या!"

सरांचा हात हवेतच थांबला. "चिंचेनं?"

"मंग? पितळ हाय ना ते! रातभर चिंच भिजवली, सकाळी थोडं मीठ टाकून घासल्या."

सरांनी तार छेडली. धप्प. चिंचेचा कोळ बारीक वेढ्यांमध्ये जाऊन वाळला होता.

"शोभाताई," सर कसेबसे म्हणाले, "ही तार आहे, गंगाळ नाही!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "ते बरोबर आहे सर. पण चमकून किती राहिली!"

* * *

आता सरांच्या घरचा.

दसऱ्याला आपल्याकडे ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. काकूंनी शिलाई मशीन पुजली, सरांची जुनी सायकल पुजली आणि ओल्या बोटांनी सरांच्या गिटारच्या सहाही तारांवर भरघोस हळद-कुंकू वाहिलं. वर झेंडूचा हार.

आमच्या तारेवर बोटाचा ठसा दिसला तरी ओरडणारे सर! रविवारी आम्ही बघतो तर तारा पिवळ्याधमक. भाऊरावांनी विचारलंच, "सर, ह्या कवा बदलता?"

सरांनी आधी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तिनं मनापासून पूजा केली आहे ना बापा. आवाज बसला तर बसला."

मला त्या दिवशी सर फार आवडले. त्या तारा पुढे कधी बदलल्या, ते आम्ही विचारलं नाही.

* * *

यानंतरचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय शेवटचा कळणार नाही.

उन्हाळ्यात ऑफिसच्या कामांमुळे माझं तारांकडे दुर्लक्ष झालं. आठ महिन्यांच्या तारा, गंज दिसत होता. बोलणी खायच्या तयारीनेच मी वाजवायला बसलो. सर खिडकीशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. वाजवून झालं तसे वळले आणि म्हणाले, "वा प्रमोद! नवी तार टाकली की लगेच समजते!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मागच्या दोन-तीन महिन्यांपासून काकूंना एकच गोष्ट सरांना दोनदा सांगावी लागत होती, ते सगळ्यांना एकदम आठवलं. शोभाताईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मी म्हणालो, "हो सर. कालच टाकली."

त्या दिवशी बस स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर तिघं बराच वेळ उभे होतो. सरांचा नियम आम्हाला पाठ होता. त्यांना कळलं तर ते एक रविवारसुद्धा थांबणार नाहीत.

भाऊराव म्हणाले, "क्लास बंद झाला तर मी कुठं जाऊ जी? घरी तर कोणी ऐकतच नाही माझं."

शोभाताईंनी पदराने डोळे टिपले आणि निर्णय दिला. "आतापासून क्लासात जुनी तार आणायचीच नाही. जुनी नसनच, तर फरक कसा विचारतील?"

मग आम्ही असे सुधारलो की विचारू नका. वाजवायच्या आधी हात धुणं, वाजवल्यावर एकेक तार पुसणं. बोटाला पहिला खड्डा लागला, सूर जरा उतरायला लागला की लगेच नवा संच. सहा महिन्यांत आमच्या गिटारी अशा वाजायला लागल्या की काकू स्वयंपाक सोडून दारात येऊन बसायच्या. जे सर वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते, ते आम्ही सर जाऊ नयेत म्हणून शिकलो.

* * *

आणि हा गेल्या महिन्यातला.

गुरुवारी ग्रुपवर सरांचा मेसेज आला, "रविवारी तिघंही या. क्लासबद्दल बोलायचं आहे." सरांना कळलं की काय?

गेलो. हात धुतले. सर नेहमीच्या खुर्चीत, मांडीवर त्यांची गिटार. आमच्या गिटारी त्यांनी पिशवीतून काढूच दिल्या नाहीत.

"आज तुम्ही ऐका," म्हणाले आणि वाजवायला लागले. बोटं तीच, सफाई तीच. पण आवाज? धप्प, धप्प. वाळलेल्या लाकडावर टिचकी मारावी तसा. मेलेली तार तिघांनाही स्वच्छ ऐकू येत होती.

वाजवणं थांबवून सर म्हणाले, "मले तर तार नवीच वाटून राहिली. तुमाले कशी वाटते? खरं सांगा."

भाऊराव खाकरले. "नवी आहे सर. एकदम नवी."

शोभाताई म्हणाल्या, "आवाज कसा चमकून राहिला!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "नवीच आहे, सर."

सरांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, तारेखाली सरकवला आणि सावकाश ओढला. रुमालावर गंजाची तपकिरी रेघ होती आणि तिच्या कडेने हळदीचा पिवळा डाग. मग दुसऱ्या खिशातून त्यांनी तारांचं नवं, न फोडलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"मले ऐकू येऊन नाही राहिलं, हे मले सहा महिन्यांपासून माहीत आहे," ते म्हणाले. "आज क्लास बंद करणार होतो. पण ही दसऱ्याची तार तुमाले तिघाले नवी वाटली?"

आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

"म्हणजे इतक्या वर्षांत तुमचा कान काही तयार झालाच नाही! असं अर्धवट सोडून देता येते का कोणाले?" सरांनी रुमालाची घडी घातली. "पुढच्या रविवारी, दहा वाजता. अन् भाऊराव, हात धुऊन!"