उलटा मोजणारा कॅमेरा

देवळाली कॅम्पातल्या एका फौजी कुटुंबाची बदली झाली, आणि निघताना त्यांनी जे सामान विकायला काढलं त्यात तो कॅमेरा होता. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे मळ्यातली फुलं द्यायला गेले होते. परतले ते कॅमेरा घेऊन. माहितीपुस्तिका मिळाली नव्हती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कॉलेजात होते आणि घरात पुस्तकं वाचणारी एकटीच, म्हणून तो माझ्या हातात आला.

पहिला रोल काही केल्या बसेना. मागचं दार उघडायचं, डावीकडच्या खाचेत डबी ठेवायची, रोलचं टोक ओढून उजवीकडच्या लाल खुणेपर्यंत न्यायचं आणि दार लावायचं, एवढंच काम. पण दार लावलं की आत जरा गुरगुर होई, बंद पडे, आणि वरच्या छोट्या पडद्यावरचा आकडा उघडझाप करू लागे. मी टोक आणखी ओढून पाहिलं, फिरकीत खोचून पाहिलं. आबा ओट्यावर बसून बघत होते.

"ताणू नको," ते शेवटी म्हणाले. "आन सैलबी सोडू नको. रोप लावतो तसं ठेव."

जास्तीची फिल्म मी डबीत परत सरकवली, कडेची भोकं दात्यांवर बसवली, बोटाने सपाट केली. या खेपेला गुरगुर थांबेचना. एवढ्याशा खोक्यात इतका वेळ काय चाललं असेल, या विचाराने आम्ही दोघं कान देऊन बसलो. थांबलं तेव्हा आकडा छत्तीस होता.

काका, आबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच मळ्यात राहत. ते बघायला आले आणि म्हणाले, "दादा, फौज्यानं तुला फसवलं. फोटो काढायच्या आधीच रोल संपला." पण मी आईचा एक फोटो काढला आणि आकडा पस्तीस झाला. आबांना फार हसू आलं. किती काढले ते नाय सांगत, किती उरले ते सांगतो, म्हणाले. व्यापाऱ्यापेक्षा सरळ हाय. त्यापुढे कोणी विचार केला नाही. रोल संपल्यावर दार उघडलं की सगळी फिल्म डबीत गेलेली असे. ती कधी गेली, कशी गेली, हे मीही स्वतःला विचारलं नाही.

पुढची काही वर्षं कॅमेरा आबांच्याच गळ्यात असायचा. त्यामुळे आमच्या फोटोंत सगळे आहेत, आबा नाहीत. एका दसऱ्याच्या आधी मी तो त्यांच्याकडून काढून घेतला आणि त्यांना झेंडूत उभं केलं. रोल वाया घालवू नको, असं ते म्हणत असतानाच बटण दाबलं.

दिवाळी झाली आणि आबा गेले. सकाळी फुलं तोडायला म्हणून उठले, आणि तिथेच छाती धरून बसले.

दशक्रियेला फोटो हवा होता. घरात एक लग्नातला होता, तो विशीतला मुलगा आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीचा नव्हता. मतदान ओळखपत्रावर तर भलताच कोणी. झेंडूतला फोटो कॅमेऱ्यातच होता, रोल अर्धा बाकी. रोल घेऊन मी स्टुडिओत जाते म्हणाले, तर काका म्हणाले, आण इकडं, मी जातो. रोल नेहमी डबीतच असतो, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं. भर उन्हात, अंगणात, त्यांनी कॅमेऱ्याचं दार उघडलं.

फिल्म बाहेर होती. उजवीकडे फिरकीवर तिचा जाड वेढा पडलेला. काकांनी दार झटकन लावलं, पण ऊन आत जाऊन आलं होतं. आई दारात उभी होती. तिने पाहिलं, आणि आत गेली. काका त्या दिवसापासून आमच्या घरी येईनासे झाले.

रोल मीच शहरात नेला. स्टुडिओवाले म्हणाले, उजेड खाल्लेला रोल आहे, आशा ठेवू नका. दुसऱ्या दिवशी त्यांनी फिल्मची पट्टी दिव्याच्या काचेवर ठेवली. एका बाजूचा अर्धा भाग काळाकुट्ट होता. काढलेले सगळे फोटो स्वच्छ होते, आणि त्यांत आबा होते. असं कसं झालं, ते त्यांनाही सांगता येईना.

बसमध्ये मांडीवर फोटोचं पाकीट ठेवून मी विचार करत राहिले आणि निमाणीला बस बदलायला उतरेपर्यंत उलगडलं. ती पहिल्या दिवशीची लांबच लांब गुरगुर. कॅमेरा सुरुवातीलाच सगळा रोल बाहेर काढून घेत होता आणि फोटो काढला रे काढला की तेवढा तुकडा डबीच्या अंधारात परत ठेवत होता. जे घडून गेलं ते आत. उघड्यावर होतं ते फक्त अजून न घडलेलं. मी बसस्टँडच्या गर्दीत उभी राहिले आणि अंगावर काटा आला. इतकी वर्षं लोटली, तरी ही ओळ लिहिताना तो येतोच. कुठल्या तरी दूरदेशीच्या माणसाने असं यंत्र बनवताना घाईने दार उघडणाऱ्या हातांचा आधीच विचार करून ठेवला होता.

मी घरी न जाता आधी काकांच्या मळ्यात गेले. ते पाटाच्या कडेला खुरपत होते. मी फोटो पुढे धरला, पण त्यांनी हात पुढे केला नाही. मग मी सांगितलं की फोटो काढल्याबरोबर डबीत जातो. तुम्ही दार उघडलंत तेव्हा आबा आतच होते.

"मग मी उन्हात पाहिलं ते काय होतं?"

"कोरी फिल्म, काका. तिच्यावर काहीच नव्हतं."

"दादा नव्हता त्यात?"

"नव्हते."

काकांनी पाटात हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा धुतले. मग फोटो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्यासाठी न थांबता आमच्या घराकडे चालू लागले.