येतो हं, मावशी

काल पुस्तकांच्या दुकानात तो जाडजूड ग्रंथ पुन्हा दिसला. एका काल्पनिक देशाचं वर्णन, नकाशासकट. त्यावरून खेळ खेळतात: एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी पात्रं होऊन तिच्यात शिरायचं, अडलं की फासे टाकायचे. कॉलेजात असताना आम्ही चौघं दर रविवारी मेधाच्या घरी तेच करायचो. गोष्ट मेधा सांगायची.

त्या देशात ड्रॅगन होते, शापित किल्ले होते. मला मात्र आठवते ती घाटाखालची खाणावळ. ग्रंथात तिच्याबद्दल जेमतेम दोन ओळी, मालकिणीला नावसुद्धा नाही. बाकी सगळं जणू आमच्यासाठी मोकळं सोडलेलं. आमचा नितीन तलवार लावून लढाईला निघतानाही तिला सांगायचा, "येतो हं, मावशी."

"अरे, त्या देशात मावशी कुठून आली?" आम्ही हसायचो.

"मग काय, जातो म्हणू?" तो खरंच चिडायचा.

मेधा त्या मावशीच्या आवाजात म्हणायची, "या हं. सावकाश जा."

शेवटच्या रविवारीही खेळात आम्ही त्या खाणावळीतूनच निघालो. मग नोकऱ्या, बदल्या, लग्नं. पुढचा रविवार आलाच नाही.

नव्या आवृत्तीत चित्रं बदलली आहेत. खाणावळीच्या ओळी अजून दोनच. दुसरी मी काल पहिल्यांदा नीट वाचली: वाटसरूंसाठी ती दाराला कधी कडी घालत नाही.

ग्रंथ मिटून जागेवर ठेवला, आणि तोंडून निघून गेलं, "येते हं."

गल्ल्यावरच्या बाईंना वाटलं, त्यांनाच म्हटलं. मान वर करून त्या म्हणाल्या, "या हं. सावकाश जा."