विनायकने निवडलेलं अक्षर

ही हकिगत मी अनेक वर्षं टाळली. विनायकचा विषय निघाला की मी त्याच्या थट्टेखोर स्वभावाबद्दल, त्याच्या हातच्या माशांच्या कालवणाबद्दल सांगायचो, आणि आमच्या पुस्तकाचं नाव निघालं की पाणी प्यायला उठायचो. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा फोन आला. ती कुवेतमध्येच वाढलेली. निम्म्या इंग्रजीत तिने बाबा झोपेतच गेल्याचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "काका, तुमचं ते बुक त्यांच्या उशाशी होतं."

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं कुवेतच्या बनेद अल-गार भागात एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होतो, तो डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायचा. दिवसभर भिंगं बदलत "पहिलं बरं की दुसरं?" असं विचारायची सवय घरीही सुटत नसे. दुकानात दोन कलिंगडं उचलून तो दुकानदारालाच हे विचारी. तिथल्या मराठी माणसांनी आपल्या पहिल्या वर्षाबद्दल लिहावं आणि त्याचं पुस्तक मुंबईत छापून घ्यावं, असं आम्ही ठरवलं. संपादक मी. विनायकने वडिलांच्या मृत्यूबद्दल लिहिलं. ते कोकणात वारले तेव्हा नोकरीच्या कागदपत्रांत अडकल्याने त्याला जाता आलं नव्हतं, आणि आईने त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. तो लेख तिने वाचावा, एकटीने वाचावा, एवढंच त्याला हवं होतं. शेजारच्या कुणी ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवावा, हे त्याला सोसणारं नव्हतं. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला ती तयार नव्हती.

म्हणून त्याने छपाईच्या टाइपाचा ध्यास घेतला. छापखान्याने एकच मजकूर चार टाइपांत छापून पाठवला होता. मला वाटायचं, अक्षर ते अक्षर, त्यात निवडायचं काय? तो मात्र ते कागद भिंतीवर लावून शुक्रवारी जेवायला येणाऱ्या कोकणातल्या सुतारांना दुरून वाचायला लावी. "डाक्टर, आधी भात वाढा, मग डोळे तपासा," ते म्हणत. एकदा त्याने दवाखान्यातली भिंगं बसवायची चौकट घरी आणली, साध्या काचेवर व्हॅसलीन फासलं आणि ती माझ्या नाकावर चढवली.

"आता तू माझी आई. वाच, संपादक."

नव्या, नाजूक टाइपात भ आणि म एकमेकांत विरघळले. जुन्या, भरदार वळणाच्या टाइपात मात्र अक्षरांची पोटं मोकळी होती. धुक्यातूनही एकेक शब्द सुटा होऊन पुढे आला. शाईइतकंच काम तिच्यामधली कोरी जागा करते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचे कितीतरी दिवस मी दुकानांच्या अरबी पाट्यासुद्धा डोळे किलकिले करून बघत होतो...

पुस्तक जुन्या टाइपात छापायचं ठरलं. मग रजेवर मी मुंबईला गेलो. छापखान्यात त्या जुन्या टाइपाचे, शिशाच्या अक्षरांचे खिळे कप्प्यांत भरलेले होते, चांगले धारदार. मालकाने सहज म्हणून पहिलं पान नाजूक टाइपात जुळवून दाखवलं. त्यात 'संपादक', आणि खाली माझं नाव... फार देखणं दिसलं. मी म्हणालो, सगळं पुस्तक यातच करा. कुवेतला परतल्यावर विनायकला सांगितलं, जुने खिळे झिजले होते.

पुढच्या रजेत तो पुस्तक घेऊन गावी गेला. आईने ते जवळ धरलं, मग हातभर लांब, मग पुन्हा जवळ. पानं उलटत राहिली. शेवटी मिटून म्हणाली, "बरां लिवलंस." परत आल्यावर हे सांगताना तो हसत होता. "रोज हेच बघतो रे मी. तिला एक ओळ लागली नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू कशाला तोंड पाडतोस? खिळे झिजले, त्याला तू काय करणार."

त्याच्या पुढच्या रजेआधीच ती गेली.

ऐंशीच्या दशकात तो बायको-मुलीसह रिग्गईला राहायला गेला. एकदा आम्ही सगळे खैरानच्या किनाऱ्यावर गेलो होतो. आज सांगायचंच, असं ठरवून मी त्याला बाजूला घेतलं. त्याने दोन मासे माझ्यापुढे धरले. "पहिला की दुसरा?" मी म्हणालो, दुसरा. आणि तेवढंच बोललो.

आता माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे. परवा पुण्यातल्या दवाखान्यात भिंगं बदलत एका मुलीने विचारलं, "पहिलं बरं की दुसरं, आजोबा?" घरी येऊन ते पुस्तक काढलं, विनायकचा लेख उघडला. जवळ धरला, मग हातभर लांब... एक ओळ लागली नाही.

विनायक, खिळे झिजले नव्हते रे.